भेग तेवढी राहू द्या

मित्रांनो, दरवाजा म्हटला की त्याच्यामागे घर असणारच, असं तुम्ही धरून चालता. माझ्यामागे घर नाही. पोलीस प्रशिक्षण शाळेच्या तीन नंबरच्या दालनात, बरोबर मधोमध, मला चौकटीसकट उभा केला आहे. मागे प्लायवूडच्या तीन भिंती, एक टेबल आणि दोन खुर्च्या. झालं घर. शिकाऊ पोलीस रांगेने येतात, माझ्यावर टकटक करतात आणि आतून कोण बाहेर येतं ते बघत उभे राहतात. गेली तेरा वर्षं मी हीच नोकरी करतो आहे आणि एक दिवसही रजा घेतलेली नाही.

मी जुना आहे, पण म्हातारा म्हणाल तर राग येईल. सागाच्या चार फळ्या, पितळी कडी, तीन बिजागऱ्या, आणि खालच्या फळीत उभी गेलेली हातभर लांब भेग. ती भेग बघून नवा माणूस हळहळतो आणि म्हणतो, भेगेत लांबी, म्हणजे पुटी, भरून रंग मारला तर कळणारसुद्धा नाही. ती कळावी म्हणूनच तर ठेवली आहे. पण ते पुढे सांगतो.

इतकी वर्षं मार खाऊन मला एक विद्या आली आहे. टकटक ऐकली की बाहेर कोण उभं आहे ते मी सांगू शकतो. घाबरलेला माणूस एकाच बोटाने वाजवतो आणि पटकन मागे सरकतो. ज्याला वर्दीची नवी नवी मस्ती चढलेली असते, तो मूठ वळून वाजवतो. आणि ज्याला खरोखर आतल्या माणसाशी बोलायचं असतं, तो वाजवून झाल्यावर कान देतो. असे फार थोडे येतात. इथून जाताना मात्र बरेच जण तसे होऊन जातात, आणि त्यात माझाही वाटा आहे. उगाच विनय कशाला दाखवू.

माझा जन्म एका सुताराच्या हातचा. तो बोलायला कंजूष आणि रंधा मारायला वस्ताद. मला चौकटीत बसवून झाल्यावर त्याने दोनदा उघडून बघितलं, दोनदा लावून बघितलं आणि घरमालकाला म्हणाला, "तुमची नातवंडं म्हातारी होतील, हा हलायचा नाही." बिचाऱ्याचं काम चोख होतं. पुढे जे झालं त्यात त्याचा काही दोष नाही.

तो घरमालक म्हणजे शिंपीकाका. अरुंद गल्लीत दीड खोलीचं घर, खिडकीपाशी शिलाईचं मशीन, आणि त्या मशीनवर वाकलेले काका. विसाव्या वर्षी तापात त्यांचे दोन्ही कान गेले. बोलता यायचं, पण आपला आवाज आपल्यालाच ऐकू येत नसल्यामुळे ते साधं "बसा" म्हणाले तरी समोरचा दचकून उभा राहायचा. समोरच्याच्या ओठांवरून त्यांना बोलणं कळायचं. काजं करण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. कोटाची काजं करून घ्यायला लोक गावाच्या दुसऱ्या टोकाहून यायचे.

आता बहिऱ्या माणसाच्या दारावर टकटक करून उपयोग काय? त्यावर काकूंनी, म्हणजे शिंपीकाकांच्या बायकोने, तोड काढली. माझ्या चौकटीला एक भोक पाडलं, त्यातून दोरी ओवली आणि भिंतीवरच्या खिळ्यांवरून ती मशीनपर्यंत नेली. आतल्या टोकाला लाल कापडाची पट्टी बांधली. बाहेरच्या टोकाला दोऱ्याचं रिकामं लाकडी रीळ. बाहेरून रीळ ओढलं की लाल पट्टी काकांच्या डोळ्यांसमोर नाचायची आणि काका उठून दार उघडायचे. साऱ्या गल्लीला ती दोरी ठाऊक होती. पोस्टमन ओढायचा, गिऱ्हाइकं ओढायची. गल्लीतली कार्टी तर दोरी ओढून पळून जायची, आणि काका दार उघडून रिकाम्या गल्लीला अशा शिव्या द्यायचे की चार घरांच्या खिडक्या उघडायच्या. सुखाचे दिवस होते ते. काकू दर महिन्याला माझ्या बिजागऱ्यांना तेल घालायच्या आणि म्हणायच्या, "आवाज यांना येत नाही, पण मला येतो ना."

एके दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला गल्लीत तीन पोलीस आले. एक अधिकारी आणि दोन शिपाई. कापडाच्या गोदामात चोरी झाली होती आणि त्यातले काही तागे या घरात ठेवले आहेत, अशी कोणीतरी खबर दिली होती. झडतीचं वॉरंट खिशात होतं. काकू बहिणीकडे गेल्या होत्या. आत काका एकटे, मशीन भरधाव चालू.

अधिकाऱ्याने माझ्यावर तीन थापा मारल्या. "पोलीस, दार उघडा," असं खणखणीत आवाजात सांगितलं. नियमाप्रमाणे थांबला. परत थापा, परत आवाज, परत थांबला. दोरी त्याच्या कोपरापासून वीतभर अंतरावर लोंबत होती. मी दरवाजा, मला तोंड नाही, मी काय करणार. शेवटी तो उंच शिपायाकडे बघून म्हणाला, "घाल लाथ."

मशीनच्या थरथरीत काकांना माझ्यावरच्या थापा जाणवल्या नव्हत्या. पण पहिली लाथ बसली तशी जमीन हादरली. ती त्यांच्या पायांना कळली. मशीन थांबवून ते उठले, चार पावलांत माझ्यापाशी आले आणि त्यांनी कडीला हात घातला. मित्रांनो, ते दार उघडत होते. एवढ्यात दुसरी लाथ बसली. माझी खालची फळी फाटली, कडी उखडली आणि तिच्यात काकांच्या उजव्या हाताची दोन बोटं मोडली.

तागे वगैरे काही सापडलं नाही. चौकशी झाली. थापा मारल्या होत्या, आवाज दिला होता, थांबले होते, वॉरंट होतं. कागदावर कोणाचीच चूक नव्हती. काकांची बोटं जुळली, पण वाकडी जुळली. त्यानंतर त्यांनी पडदे शिवले, उशांचे अभ्रे शिवले, पण कोटाचं काज पुन्हा केलं नाही.

चौकशीचा पुरावा म्हणून मला चौकटीसकट उचलून पोलीस ठाण्याच्या मागच्या अंगणात नेलं. गळ्यात नंबराचं लेबल. चौकशी संपली तरी मला परत न्यायला कोणी आलं नाही, कारण काकांच्या घराला दुसरा दरवाजा बसला होता. सात वर्षं मी जप्त केलेल्या सायकलींच्या ढिगाला टेकून उभा होतो. ऊन खाल्लं, पाणी खाल्लं, एका मांजरीची तीन बाळंतपणं माझ्या आडोशाला झाली. लेबलावरचा नंबर पुसला गेला. माणसं विसरली की वस्तू लवकर कुजते, हे मी तिथे शिकलो.

मग एक दिवस अंगण साफ करायचा हुकूम निघाला. भंगारवाला माझ्या फळ्या ठोकून बघत होता, तेवढ्यात एक उंच माणूस पुढे आला आणि म्हणाला, "हा द्यायचा नाही. हा मला हवा आहे." केस पिकायला लागले होते, पण मी त्याला लगेच ओळखलं. चेहऱ्यावरून नव्हे. त्याच्या बुटाचं माप माझ्या फळीत होतं.

त्याची बदली प्रशिक्षण शाळेत झाली होती. तिथे सगळे त्याला उस्ताद म्हणतात, मीही तेच म्हणेन. उस्तादांनी मला हातगाडीवर घालून शाळेत आणलं आणि सुताराला बोलावलं. सुताराने नवी कडी बसवली, कुजलेली कड बदलली आणि भेग भरायला लांबी कालवायला घेतली. उस्ताद म्हणाले, "बाकी सगळं कर. भेग तेवढी राहू दे." मग खिशातून त्यांनी दोऱ्याचं जुनं रिकामं रीळ काढलं. मी पडलो त्या दिवशी दोरी तुटून ते गल्लीत घरंगळलं होतं, आणि या गृहस्थाने ते उचलून सात वर्षं जपलं होतं. नवी दोरी घेऊन त्यांनी स्वतः ती भोकातून ओवली. पण ओढून बघितली नाही. पुढच्या अकरा वर्षांत एकदाही नाही.

उस्तादांची शिकवायची रीत न्यारी होती. कायद्याचे धडे वर्गात व्हायचे, ते दुसरे सर घ्यायचे. उस्ताद म्हणायचे, "कायदा पाठ करून या. इथे तो कधी काढायचा आणि कधी म्यान करायचा ते शिकू." माझ्यामागे खोटी माणसं बसवायची नाहीत, असा त्यांचा हट्ट होता. मग ते गावात फिरून खऱ्या माणसांना बोलावून आणायचे. परभाषेतली फळवाली मावशी यायची. वर्दी दिसली की टेबलाखाली शिरणारा एक तिशीचा मुलगा त्याच्या आईबरोबर यायचा. वेगवेगळ्या देवांना मानणारी आणि कोणालाच न मानणारी माणसं यायची. आपण गुन्हेगार नाही हे पोलिसांना एकदा नीट सांगायचं आहे, म्हणून बरेच जण आनंदाने यायचे.

आणि अंतिम परीक्षेच्या दिवशी, वर्षातून दोनदा, शिंपीकाका आणि काकू यायचे. उस्तादांनी त्यांना पत्र लिहून बोलावलं होतं. काका आपलं मशीन हातगाडीवर घालून आणायचे आणि माझ्यामागे बसून अभ्रे शिवायचे. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्यावरून हात फिरवला आणि सगळं दालन दणाणेल अशा आवाजात म्हणाले, "हे माझं दार आहे." उस्ताद नुसते हो म्हणाले. मला भंगारातून वाचवलं, एवढंच त्यांनी सगळ्यांना सांगितलं होतं. लाथ कोणाची, ते कधीच नाही.

आता मी ज्या मुलीसाठी ही सगळी गोष्ट सांगायला घेतली तिच्याकडे येतो. तिच्या तुकडीने तिचं नाव कलम ठेवलं होतं. काहीही विचारा, ती त्याचं कलम सांगायची. जेवणाच्या रांगेत कोणी मध्ये घुसलं तरी ती त्यालाही कुठलं तरी कलम लावायची. तिची आई न्यायालयात झाडलोट करायची, आणि ही लहानपणापासून तिथल्या बाकांवर बसून अभ्यास करत वाढलेली. वकिलांचे वाद ऐकून ऐकून कायदा तिच्या जिभेवर बसला होता. लेखी परीक्षेत ती सगळ्यांत पहिली. माझ्यापुढे मात्र दोनदा नापास. शाळेचा नियम असा, की या दरवाजावर तीनदा नापास झालं की सामान बांधायचं आणि घरी जायचं.

पहिल्यांदा तिच्यासमोर फळवाली मावशी होती. कलमने छान वाजवलं, मावशीने दार उघडलं, आणि या पोरीने श्वास न घेता सगळं कलम म्हणून दाखवलं. मावशीला एक अक्षर कळलं नाही. तिने बघितली वर्दी, ऐकला चढा आवाज, आणि दोन्ही मनगटं पुढे केली. बेड्या घालून घ्यायला. खरं तर तिच्या हरवलेल्या पिशवीची चौकशी करायची होती. मावशी आपलं सोंग विसरली होती आणि ती खरोखरच घाबरली होती. उस्ताद म्हणाले, "तुझं कलम बरोबर होतं. माणूस चुकला."

त्याचा तिने धसका घेतला. दुसऱ्या वेळी शाळेच्या आचाऱ्याने दार उघडलं. खरा तापट नवरा कोण येणार, म्हणून तोच तापट नवरा झाला होता आणि त्याला ते काम भारी आवडायचं. "आमचं घरगुती आहे, तुम्ही जा," असं तो गुरकावला. आत टेबलामागे एक बाई मान हलवून नको नको करत होती. कलमला ती दिसली. आत जायचा हक्क आहे हेही तिला माहीत होतं. तरी ती "माफ करा" म्हणाली आणि वळून चालू लागली. उस्तादांनी तिला जवळ बोलावलं. मग म्हणाले, "एकदा कायदा घेऊन अंगावर गेलीस. एकदा कायदा खिशात घालून पळून आलीस. दोन्ही वेळा आतल्या माणसाकडे बघितलं नाहीस."

तिसऱ्या परीक्षेच्या आदल्या दिवशी, दुपारी जेवणाच्या सुट्टीत, ती एकटीच दालनात आली. माझ्या चौकटीला टेकून खाली बसली आणि आईला फोन लावला. रिकाम्या दालनात पलीकडचं बोलणंही मला ऐकू येत होतं.

"जेवलीस का?" आईने विचारलं.

"जेवले. आई, उद्या जमलं नाही तर मी परत येईन."

"परत ये की. घर आहे तुझं."

"तसं नाही गं. तू सगळ्यांना सांगून बसली आहेस. मोठ्या जजसाहेबांनासुद्धा."

"सांगितलंय. आणि साहेब काय म्हणाले सांगू? म्हणाले, पोरगी हुशार आहे, पण हुशार पोलीस मी पुष्कळ बघितले." आई थोडं थांबली. "मी रोज त्यांची खोली झाडते. आत कोणी नसलं तरी आधी दारात उभी राहते. एखादा माणूस कोपऱ्यात बसून रडत असतो, एखादा नुसता डोळे मिटून असतो. आधी बघायचं, मग झाडू काढायचा. एवढंच येतं मला. त्यात तुला काही घेण्यासारखं असलं तर घे."

कलमने फोन ठेवला आणि बोलता बोलता हातात धरलेलं रीळ अंगठ्याने फिरवत बसून राहिली. अगं ओढ, असं मला किती वेळा वाटलं. पण तिला ती शोभेची दोरी वाटली असावी. उठून, पँट झटकून ती निघून गेली.

दुसऱ्या दिवशी परीक्षेला मुख्यालयातून एक साहेब आले. तोवर माझ्यापुढची परीक्षा उस्ताद स्वतः घ्यायचे. त्या वर्षी नियम बदलला होता. साहेबांच्या एका हातात छापील तक्ता आणि दुसऱ्या हातात वेळ मोजायचं घड्याळ. माणूस वाईट नव्हता, पण सगळं तक्त्यात बसलं पाहिजे, असा त्यांचा खाक्या होता. प्रसंग तोच, कापडाच्या चोरीचा आणि झडतीच्या वॉरंटचा. तक्त्यात लिहिलं होतं की ओळख द्यावी, थांबावं, दार उघडलं नाही तर बळ वापरता येईल, आणि आत शिरायला वेळ दोन मिनिटं.

माझ्यामागे काका मशीनवर बसले. काकू शेजारीण म्हणून प्लायवूडच्या भिंतीबाहेर स्टुलावर विणत बसल्या. त्यांना सक्त ताकीद होती की विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. परीक्षा देणाऱ्यांची जोडी आत यायची आणि काम झालं की पलीकडच्या दाराने बाहेर जायची, म्हणजे पुढच्यांना काही कळायला नको.

पहिल्या पाच जोड्यांनी मला खांद्याने ढकलून उघडलं. परीक्षेपुरती कडी सैल ठेवतात, त्यामुळे मोडत काही नाही. पण दर वेळी मी धाडकन आत गेलो की काकांचा उजवा हात आपोआप पोटाशी जायचा. साहेब घड्याळ बघून पास लिहायचे. उस्ताद भिंतीला टेकून उभे होते. नियम बदलला होता आणि त्यांना बोलायचा हक्क नव्हता.

सहावी जोडी कलमची. तिचा जोडीदार आडदांड होता, तुकडीत त्याला रणगाडा म्हणायचे. कलमने वाजवलं, ओळख दिली आणि थांबली. पुन्हा वाजवलं. रणगाड्याने खांदा पुढे केला. "चल, होऊन जाऊ दे. दीड मिनिट झालं."

"थांब," कलम म्हणाली. तिने माझ्या फळीला कान लावला. "मशीन चालू आहे."

"मग? आत माणूस आहे. तेच तर."

"माणूस आहे, आणि आपण एवढं ठोकतोय तरी मशीन थांबत नाही. चोर असता तर थांबला असता. चोर नसता तरी थांबला असता. कोण आलंय ते बघायला तरी." तिने कान काढला. "याला आपण ऐकूच येत नाही आहोत."

"दोन मिनिटं," साहेब म्हणाले.

मित्रांनो, त्या क्षणी तिच्यापुढे काय होतं ते तिला पुरतं ठाऊक होतं. खांद्याचा एक धक्का, की पास. आई जजसाहेबांना पेढे नाही पण बातमी तरी देणार. तिने रणगाड्याचा दंड धरला आणि त्याला मागे ओढलं. मग वळून स्टुलावरच्या काकूंपाशी गेली, त्यांच्यासमोर खाली बसली आणि विचारलं, "मावशी, इथे कोण राहतं?"

काकूंनी विणकाम मांडीवर ठेवलं. शेजारणीचं सोंग त्या विसरल्या होत्या. त्यांचे डोळे भरून आले होते, पण आवाज खट्याळ होता. "माझा नवरा राहतो. ठार बहिरा आहे. तू ठोकून ठोकून हात मोडून घेशील बाई. ती दोरी कशाला लावली आहे?"

कलम उठली, रिळापाशी गेली, क्षणभर त्याच्याकडे बघत राहिली आणि तिने ते हळूच ओढलं. आत लाल पट्टी नाचली. मशीन थांबलं. चार पावलं वाजली, कडी निघाली आणि काकांनी मला उघडलं. कलमने आधी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं, मग आपले ओठ दिसतील अशी उभी राहिली आणि सावकाश सांगितलं, की आम्ही पोलीस आहोत, हे झडतीचं वॉरंट आहे, तुम्ही वाचून घ्या, आम्ही थांबतो.

"साडेचार मिनिटं," साहेब म्हणाले आणि त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

"साहेब, मी कारण सांगू शकते," कलम म्हणाली. तिचा आवाज कापत नव्हता. "पळणारा माणूस शिवण पुरी करत बसत नाही. मशीन थांबलं असतं आणि दार उघडलं नसतं, तर मी तोडायला लावलं असतं. तक्त्यात तोडता येईल असं आहे. तोडायची गरज मला दिसली नाही."

"कारण चांगलं आहे. पण प्रत्येक जण कारण सांगायला लागला तर वेळेला अर्थ काय? आणि तुमची ही तिसरी वेळ." साहेबांना वाईट वाटत होतं, ते दिसत होतं. तरी पेन कागदाकडे निघालं.

"साहेब, एक मिनिट." उस्ताद भिंतीपासून सुटले. ते माझ्यापाशी आले, गुडघा टेकून खाली बसले आणि माझ्या भेगेवर त्यांनी हात ठेवला. "अठरा वर्षांपूर्वी ह्याच दारावर, ह्याच कामासाठी आम्ही तिघं गेलो होतो. वॉरंट होतं, आवाज दिला, थांबलो. सगळं नियमात आणि वेळेत. लाथ मी घातली. तेव्हा हा माणूस दार उघडायला आला होता आणि त्याचा हात कडीवर होता. चौकशीत आमची काही चूक निघाली नाही. माझ्या सेवापुस्तकात त्या दिवसाबद्दल एक ओळसुद्धा नाही." ते उठले. "ही भेग म्हणजे ती ओळ आहे. वेळेत पास झालेला मी होतो, साहेब. आता ह्या मुलीला काय लिहायचं ते तुम्ही ठरवा."

 मग उस्ताद काकांकडे वळले. ओठ दिसतील असे उभे राहिले.

पण आधी काकाच बोलले. आपल्या नेहमीच्या दणदणीत आवाजात. "मला माहीत आहे. दार पडलं तेव्हा समोर तूच होतास. मी बहिरा आहे, आंधळा नाही."

"मग इतकी वर्षं..." उस्ताद म्हणाले.

"पत्र आलं तेव्हा ही म्हणाली, जाऊ नका. मी म्हटलं, जातो. बघू तरी, हा पोरांना काय शिकवतो." काकांनी वाकडी बोटं दुसऱ्या हाताने चोळली. "पहिली तीन वर्षं राग होता. मग राग कमी झाला आणि वाट बघत बसलो. तू कधी बोलतोस त्याची. फार वेळ लावलास."

साहेबांनी घड्याळ खिशात घातलं. दोन मिनिटं या शब्दांवर त्यांनी काट मारली आणि कलमच्या नावासमोर काही लिहायला लागले. बराच वेळ लिहीत होते, कारण तक्त्यात त्यासाठी रकाना नव्हता आणि त्यांना ते समासात आडवं लिहावं लागलं. मग मोठ्याने वाचून दाखवलं. "पास. घरातला माणूस ओळखला. बळ हाताशी असून गरज नव्हती म्हणून वापरलं नाही. कारण दिलं." पहिल्या पाच जोड्यांना त्यांनी परत बोलावलं आणि सांगितलं की उद्या पुन्हा परीक्षा. रणगाड्याने कलमच्या पाठीत इतकी जोरात थाप मारली की ती माझ्यावर येऊन आदळली. मला अजिबात लागलं नाही.

तिला वाटलं झालं, आता आईला फोन करावा. पण काका जागेवरून हलले नव्हते. त्यांनी उस्तादांकडे बोट केलं. "आता तू."

"मी काय?"

"तू ये ना. माझ्या घरी. नीट ये." एवढं बोलून ते आत गेले आणि त्यांनी मला लावून घेतलं. आत मशीन सुरू झालं.

उस्ताद माझ्यासमोर उभे राहिले. हजारो पोरांना माझ्यापुढे उभं करणारा हा माणूस, पण त्या जागेवर स्वतः उभा राहिलेला मी अठरा वर्षांपूर्वीच पाहिला होता. त्यांनी टोपी काढून काखेत धरली. हात रिळापर्यंत गेला आणि तिथेच थांबला.  काकूंनी तोंड फिरवून डोळे पुसले. मग उस्तादांनी दोरी ओढली.

मशीन थांबलं. चार पावलं. वाकड्या बोटांनी कडी काढली आणि मी उघडलो. मित्रांनो, मी आयुष्यात लाखभर वेळा उघडलो असेन, पण इतका हलका कधी उघडलो नव्हतो. काका म्हणाले, "ये. बस." त्यांच्या त्या आवाजाने उस्ताद दचकले, आणि मग दोघेही हसले.

कलमला नोकरीत लागून आता दोन वर्षं झाली. मध्यंतरी ती आईला घेऊन मला भेटायला आली होती. आईने आधी दारात उभं राहून आत बघितलं, मग माझ्या फळीवर हात ठेवला आणि म्हणाली, "धूळ फार आहे हो ह्याच्यावर." आणि पदराने पुसून काढली.

मित्रांनो, बाकीच्या जुन्या वस्तू तुमच्यापाशी तेल मागतात, रंग मागतात. मला दोन्ही वेळेवर मिळतं. माझं मागणं वेगळं आहे. उद्या तुमच्यातलं कोणी वर्दी घालेल, कोणी साहेब होईल, कोणाच्या ना कोणाच्या दारापुढे हक्काने उभं राहील. हक्क असू द्या. पण वाजवून झाल्यावर कान द्या, आजूबाजूला बघा, शेजारी विचारा. दार उघडायला उशीर होतो आहे म्हणजे आतला माणूस उघडत नाही, असं नव्हे. तो कदाचित उठला असेल आणि चार पावलं चालून येतही असेल. त्याचा हात कडीपर्यंत पोचू द्या.